आवाज कुणाचा?

पुण्यात स्वतःचे घर असलेला माणूस जेव्हा भाड्याच्या घरात राहायला जातो, तेव्हा आप्तेष्ट त्याच्याकडे एका खास नजरेने पाहू लागतात. कर्ज झाले असावे, भाऊबंदकी उद्भवली असावी, निदान नवराबायकोत काहीतरी बिनसले असावे, असे तर्क चालू होतात. माझ्या सासूबाईंनी तर फोन करून आवाज खाली आणीत विचारले होते, "बँकेचं काही झालंय का हो? आम्ही परके नाही." बँकेचे काही झाले नव्हते. धायरीला आमचे दोन खोल्यांचे, हप्ते फिटलेले घर होते आणि आजही आहे. ते आम्ही भाड्याने दिले आणि आम्ही सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिरापासून चालत चार मिनिटांवर, भाड्याने राहायला आलो.

लोकांना सांगायची कारणे दोन होती आणि दोन्ही खरी होती. कन्या यंदा बारावीला. तिचा क्लास टिळक रस्त्यावर. हिची शाळा आणि माझे कॉलेज दोन्ही गावात. सिंहगड रस्त्यावर रोज दोन वेळा जो वेळ जात होता, त्यात एखाद्याचे पीएच.डी. झाले असते. (माझे झाले नाही, हे सहकाऱ्यांना ठाऊक आहे.) तिसरे कारण मात्र मी कोणाला सांगितले नव्हते, आणि तेच पहिले होते.

मी गेली अठरा वर्षे मुलांना नाट्यवाङ्मय शिकवतो. नाटकाचा शेवट कसा अपरिहार्य असला पाहिजे, यावर माझे एक व्याख्यान आहे. ते दरवर्षी जानेवारीत होते आणि मुलांना बरे वाटते. पण वाचकहो, या अठरा वर्षांत कित्येक नाटकांचे शेवट मी पाहिलेलेच नव्हते! रात्री साडेनऊचा प्रयोग संपायला बारा वाजून जातात. रात्री स्कूटर चालवण्याइतके माझे डोळे चांगले नाहीत, आणि त्या वेळी धायरीचे नाव काढले की रिक्षावाल्यांना एकदम जांभया येऊ लागतात. म्हणून शेवटचा अंक रंगात आला, की मी रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवीत, वाकून बाहेर पडत असे. नायिकेने अखेर काय ठरवले, हे दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणाला तरी विचारावे लागे. कोथरूडला नाट्यगृह आहे, दुपारचे प्रयोगही असतात, हे सगळे खरे. पण दुपारी नाटक बघणे म्हणजे दुपारी पिठलंभात खाण्यासारखे आहे. पोट भरते, पण ज्या वेळी ते खावे ती वेळ ती नव्हे.

घर शोधायला लागलो तेव्हा कळले, की सदाशिव पेठेत आता घरे मिळत नाहीत, कॉटा मिळतात. स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करायला गावोगावची मुले या पेठेत येऊन राहतात. गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत, खानावळी आहेत, झेरॉक्सची दुकाने आहेत. दिवाणखान्यात चार कॉटा, आतल्या खोलीत तीन, असा हिशेब एका मालकाने मला बोटांवर करून दाखवला आणि मग अत्यंत सौजन्याने विचारले, "तुम्ही किती जण? तिघं? मग बघा, चार कॉटांचं नुकसान आहे." माणूस कॉटांत मोजला जातो हे मला नवीन होते. दलालाने दाखवलेली नववी जागा आम्हांला मिळाली, कारण तिचे मालक सत्तरी ओलांडलेले होते, खालच्याच मजल्यावर राहत होते, आणि काकूंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना वर सात जोड्या पायांचा आवाज नको होता. "प्राध्यापक माणूस, बायको शिक्षिका, एक मुलगी. शांत बिऱ्हाड," असे त्यांनी आमचे वर्णन केले. शांत हा शब्द त्या संभाषणात तीनदा आला. मी तो तेव्हा मोजला नाही.

भाडे पंचवीस हजार. धायरीच्या घराचे सोळा येणार. म्हणजे दरमहा नऊ हजारांची खोट. हिने हिशेबाच्या वहीत त्या नऊ हजारांपुढे काय लिहावे याचा क्षणभर विचार केला आणि लिहिले, "शेवटचा अंक." मी समजत होतो की तिसरे कारण मी कोणाला सांगितलेले नाही!

कराराचा प्रसंग मात्र सांगण्यासारखा झाला. पूर्वी म्हणे कचेरीत जाऊन दिवस घालवावा लागे. आता एक तरुण लॅपटॉप आणि अंगठ्याचे ते छोटे यंत्र घेऊन घरीच येतो. त्याने माझा अंगठा यंत्रावर टेकवला. यंत्राने नकार दिला. पुन्हा टेकवला; पुन्हा नकार. "सर, खडूनं रेषा गेल्यात," तो म्हणाला. मालकांचा अंगठा घेतला, तर वयाने त्यांच्याही रेषा गेलेल्या! मग आम्ही दोघे सुशिक्षित गृहस्थ शेजारीशेजारी बसून पंच्याने आपापले अंगठे घासत होतो आणि काकू आतून खोबरेल तेलाची वाटी घेऊन येत होत्या. माझ्या आजोबांना सही येत नव्हती म्हणून ते अंगठा उठवीत. मी एम.ए. झालो आणि मला अंगठाही उठवता येईना.

हा करार अकरा महिन्यांचाच का, असे मी त्या तरुणाला विचारले. "तसाच असतो," तो म्हणाला. मास्तरकीची खोड म्हणून मी पुढे वाचून पाहिले. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नसे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट पडली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि असला करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा, अशी सक्ती आली; नोंदणीची जबाबदारीही मालकावर पडली. म्हणजे पळवाट बुजली, पण लोक अजून तिच्यातूनच चालताहेत. त्याच कायद्याप्रमाणे मुदत संपूनही मी जागा सोडली नाही, तर दुप्पट रक्कम मोजावी लागेल. आणखी एक गंमत अशी, की मी या घराचा भाडेकरूदेखील नाही. भाडेकरू म्हणजे शेजारच्या वाड्यातले आजोबा. १९४७ च्या जुन्या भाडेकायद्याच्या छत्राखाली त्यांचे बिऱ्हाड तिथे मुरले. त्यांचे वर्षाचे भाडे आमच्या दोन दिवसांच्या भाड्याइतके आहे, आणि त्यांना उठवायला मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागते. मी मात्र परवानाधारक. मला या घरात असण्याची परवानगी आहे, एवढेच. हे वाचले त्या दिवशी भिंतीला खिळा मारताना माझा हात थोडा हलका पडला.

पण पहिले नऊ महिने जे सुख भोगले, त्याला तोड नाही. मी शेवट पाहिले! पडदा पडल्यावर दिवे लागेपर्यंत बसून राहिलो. भरतमध्ये, टिळक स्मारकात, शनिवार पेठेतल्या सुदर्शनच्या छोट्या रंगमंचावर. मग रात्री साडेबारा वाजता, खिशात हात घालून, रिकाम्या रस्त्याने चालत घरी. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी टेम्पो उभा असे आणि थोड्या वेळापूर्वी जो राजवाडा होता, त्याच्या चौकटी दोन माणसे त्यात चढवीत असत. आदल्या रात्री ज्याने बापाचे प्राण घेतले तो गृहस्थ सकाळी मंडईत वांग्यांचा भाव करताना दिसे.

शिवाय पायांखाली हा इतिहास! ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग याच गावात, आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. १९६८ साली नदीपलीकडे बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले आणि नाटकाचा ओघ तिकडे वळला, तरी पेठेतली ही जुनी जागा कोरडी पडली नाही. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी झाला तो भरत नाट्य मंदिरातच. गावाला तो झोंबला. एकोणीस प्रयोगांनंतर तो ज्यांनी केला त्या संस्थेनेच थांबवला, आणि त्यातल्या तरुणांनी नवी थिएटर अकॅडमी काढून १९७४ मध्ये तो पुन्हा उभा केला. हे मी वर्गात सांगतो तेव्हा, ज्यांना तो नको होता त्यांच्याविषयी बोलताना माझ्या आवाजाला एक धार येते. मुलांनाही ती आवडते.

जुलै संपला आणि शेजारच्या वाड्याची माडी जागी झाली.

बाहेरगावच्या वाचकांना सांगितले पाहिजे, की पुण्यात पावसाळा आणि पुरुषोत्तम करंडक बरोबर येतात. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. प्राथमिक फेरी भरतमध्येच होते. तिथे नाटकापेक्षा प्रेक्षागृह मोठ्याने बोलते. "अरे, आवाज कुणाचा?" असा एका कॉलेजाने प्रश्न टाकायचा आणि शंभर गळ्यांनी आपल्या कॉलेजाचे नाव घेऊन छप्पर हलवायचे. पुढे नावारूपाला आलेली कितीतरी नटमंडळी या गोंधळातून वर आली. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांतली काही मुले अभ्यास, जेवण आणि झोप सोडून तालमी करीत असतात. मिळेल त्या वर्गात, गच्चीवर, पार्किंगमध्ये. यंदा एका संघाला आमच्या शेजारची माडी मिळाली. वाडा कोर्टात अडकलेला, माडी रिकामी. कोणीतरी किल्ली दिली.

पहिल्या रात्री मी खिडकीशी खुर्ची ओढून बसलो. मनात म्हटले, नऊ हजार वसूल झाले. अण्णा नावाचा कोणी बाप घर सोडून गेलेला असतो, आणि बऱ्याच वर्षांनी परत येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहतो. मुलगा आतून म्हणतो, "अण्णा, दार उघडंच आहे." बस्स, इतकेच वाक्य. ते त्या मुलाला साधत नव्हते. तो ते रागाने म्हणे, मग रडवेले होऊन म्हणे, मग जणू काही पेपरवाल्याला सांगतोय असे म्हणे. दिग्दर्शक म्हणे, "पुन्हा." साडेअकरा वाजले. बारा वाजले. "पुन्हा." एक वाजता मी खिडकी लावली. खिडकी लावल्यावर वाक्य थोडे जाड ऐकू येऊ लागले.

अशा तेरा रात्री गेल्या. कन्येची चाचणी परीक्षा सुरू झाली. ही पहाटे साडेपाचला उठून डबे करणारी. तिच्या डोळ्यांखाली काळे दिसू लागले. ती मला काही बोलली नाही. फक्त एकदा भाकरी थापताना म्हणाली, "अहो, त्याला कोणीतरी सांगा ना कसं म्हणायचं ते. तुम्ही एवढं शिकवता." अभ्यासिकेतली मुले कानांत बोळे घालून फिरत होती. आणि खाली काकू रात्र रात्र पलंगावर बसून काढीत होत्या. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मालक वर आले. इतके दिवस त्यांनी मला वर येऊन कधी त्रास दिला नव्हता. हातात वहीचा कागद होता. पोलीस चौकीला द्यायचा अर्ज. खाली सहा सह्या झालेल्या.

"सर, तुमची सही हवीच," ते म्हणाले. "आणि जरा शुद्धलेखन बघता का? तुमचं मराठीच आहे."

त्यांनी कराराचा विषय काढला नाही. हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुढे मी स्वतःला तसे सांगायचा प्रयत्न केला. सप्टेंबरात करार संपत होता हे खरे. पण ते सज्जन गृहस्थ आहेत, ते तसले काही बोलणारे नव्हेत. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि त्यांचे डोळे लाल होते.

मी अर्ज वाचला. 'शेजारील वाड्यात काही टारगट मुले रोज रात्री मोठमोठ्याने ओरडतात.' लाल पेन माझ्या हातात कधी आले ते कळलेच नाही. 'टारगट' खोडले, ते अन्यायाचे होते. 'ओरडतात' हेही खरे नव्हते. ती मुले ओरडत नव्हती. मी त्या जागी लिहिले: 'रात्री उशिरापर्यंत एकच वाक्य निरनिराळ्या स्वरांत वारंवार उच्चारतात.' पुढे रुग्ण, विद्यार्थी, वृद्ध यांचा क्रम लावला. 'यामुळे' दोनदा आले होते, एक काढले. अर्ज आता सुटसुटीत झाला. खरे सांगायचे तर चांगला झाला. ज्याला लेखणीची सवय आहे त्याला आपले वाक्य नीट बसल्याचा जो आनंद होतो, तो मला त्या क्षणीही झाला. आणि मग त्या भरात, त्याच पेनाने, मी सातवी सही केली. अंगठ्याने दिला होता तसला कोणताही नकार हाताने दिला नाही.

कन्या दारात उभी होती. "बाबा, सही केलीत?"

"तुझी परीक्षा आहे," मी म्हटले.

"माझं नाव नका ना घालू त्यात," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री दहाला पाच मिनिटे असताना चौकीतले हवालदार आले. आरडाओरडा नाही, काही नाही. दहानंतर बंद, एवढेच सांगून गेले. मुलांना दिवसा कॉलेज. संध्याकाळी सातच्या आत सगळी जमत नव्हती. दोन दिवस त्यांनी सात ते दहा केले, मग माडी बंद झाली. काकूंना झोप लागली. हीदेखील झोपली. मी मात्र एक वाजेपर्यंत जागा होतो. कानाला वाट पाहण्याची सवय झाली होती.

तिसऱ्या दिवशी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी स्टाफरूममध्ये आला. शेवटच्या बाकावर बसणारा, फारसे न बोलणारा. संघ आमच्याच कॉलेजचा होता! कॉलेजच्या कलामंडळाशी माझा संबंध नाही, आणि अंधारात माडीवरचे आवाज मी ओळखले नव्हते. ज्याचा आवाज तेरा रात्री ऐकला तो वर्गात माझ्यापुढे गप्प बसत होता. त्याला तालमीसाठी संध्याकाळी एक वर्ग हवा होता. मी प्राचार्यांकडे गेलो, शिपायांची मनधरणी केली, साडेनऊपर्यंत वर्ग उघडा ठेवण्याची हमी लिहून दिली. इतक्या तत्परतेने मी स्वतःच्या रजेचा अर्जसुद्धा कधी पुढे सरकवला नव्हता.

प्राथमिक फेरीला मी आणि कन्या गेलो. शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. "आवाज कुणाचा?" सुरू झाले तेव्हा कन्या माझ्या कॉलेजच्या नावाने ओरडली आणि मी तोंड मिटून बसलो. प्रयोग ठीक झाला. शेवट आला, दारातला बाप आला, मी खुर्चीच्या कडेवर सरकलो. मुलाने वाक्य म्हटले. ते बसले नाही. थोडे घाईचे झाले, जणू पाठीमागे कोणी घड्याळ घेऊन उभे आहे. शेजारी कन्येने तेच वाक्य नुसत्या ओठांनी म्हटलेले मला दिसले. संघ अंतिम फेरीत गेला नाही.

सप्टेंबरात करार नवा केला. यंदा आम्ही दोघांनी आधीच खोबरेल लावून ठेवले होते. अंगठे पहिल्या खेपेला उठले. भाडे रीतीप्रमाणे वाढले. हिने वहीत "शेवटचा अंक" हे शब्द तसेच ठेवून पुढचा आकडा बदलला.

त्यानंतरच्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा आला. वर्गाची किल्ली परत द्यायला. किल्ली टेबलावर ठेवली आणि उभा राहिला.

"सर, एक विचारू? चौकीत आम्हांला तो अर्ज वाचून दाखवला होता."

मी किल्ली हातात घेतली.

"नावं नाही सांगितली त्यांनी. पण आम्ही तिथून बाहेर आल्यावर तेच बोलत होतो. 'ओरडतात' असं लिहिलं असतं तर समजलं असतं. पण 'एकच वाक्य निरनिराळ्या स्वरांत' म्हणजे कोणीतरी रोज नीट ऐकत होतं. मग एक जण म्हणाला, सर त्याच गल्लीत राहतात."

त्याच्या आवाजात राग शोधायचा मी प्रयत्न केला. असता तर बरे झाले असते. मी म्हटले, "हो. अर्ज मी दुरुस्त केला. सहीही केली. खाली एक आजारी बाई आहेत."

"माहीत आहे सर. आम्ही नंतर जाऊन आलो त्यांच्याकडे." तो थोडा घुटमळला. "पण सर, तुम्ही तेरा रात्री ऐकलंत ना? मग त्यातला बरा कुठला होता?"

नववी रात्र होती. साडेबाराच्या सुमारास, सगळे दमलेले असताना, दिग्दर्शकही "पुन्हा" म्हणायचे विसरला असताना, कोणी सांगितलेले नसताना, त्याने ते वाक्य एकदा अगदी सपाट, पाणी हवे का विचारावे तसे म्हटले होते. शेजारच्या खोलीत कन्येचे पान उलटणे थांबले होते. मी त्याला ती रात्र सांगितली. मग स्टाफरूमचे दार लावून घेतले, आणि त्याला म्हटले, "म्हण बघू."